शहराच्या ड्रेनेजमध्ये कारखान्यांचे सांडपाणी : महापालिकेने नियंत्रण कसे उभारावे

मैलाशुद्धीकरण केंद्रात काहीतरी बिघडले आहे हे सगळ्यात आधी रात्रपाळीच्या ऑपरेटरला कळते. एअरेशन टाकीतला (हवा सोडून जिवाणू वाढवतात ती टाकी) तपकिरी गाळ राखाडी पडू लागतो, फेस कठड्यावर चढतो आणि ऑक्सिजन मीटरचा आकडा एकाएकी वर जातो. हवा देणारे ब्लोअर वाढवलेले नसतात. पाण्यातला ऑक्सिजन खाणारे जिवाणू मेले, म्हणून तो उरतो. मग दुसऱ्या केंद्रातून चांगला गाळ टँकरने आणायचा, पुढचे दोन-तीन आठवडे बिघडलेले अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवायचे आणि नोटिशीला उत्तर द्यायचे. नेमके काय आले आणि कोणी सोडले, हे मात्र बहुतेक वेळा कळतच नाही, कारण तोवर ते पाणी नदीला लागलेले असते.

केंद्रात कितीही पैसा ओतला तरी हा प्रश्न तिथे सुटत नाही. तो कारखान्याच्या दारातल्या चेंबरपाशी सुटतो. ते चेंबर कुठे आहे, त्याला कोण जोडलेले आहे आणि ते केव्हाही उघडता येते का, या तीन गोष्टींवर सगळी व्यवस्था उभी राहते. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या मलनिस्सारण विभागाला ती कशी उभारता येईल, याची ही क्रमवार मांडणी आहे. प्रभागातल्या जागरूक नागरिकांना आणि लहान कारखानदारांनाही ती उपयोगी पडावी.

कायद्याची वाटणी आधी समजून घ्या

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ फक्त नदी-नाल्यांपुरता आहे, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. कलम २४ आणि २५ मध्ये प्रवाह, विहीर आणि जमीन यांच्याबरोबर मैलावाहिनीचाही उल्लेख आहे. कारखान्याला मंडळाच्या संमतीशिवाय ड्रेनेजमध्येही पाणी सोडता येत नाही. महाराष्ट्रात तर हा विचार केंद्र सरकारच्याही आधी झाला होता. राज्याने १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले.

संमतीपत्र मंडळ देते. कलम ३३अ खाली कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे निर्देशही मंडळच देते. वाहिनी मात्र महापालिकेची आहे. जोडणी देणे, तिला अटी घालणे आणि गैरवापर झाल्यास ती तोडणे हे महापालिकेच्या हातात आहे. त्यासाठी मुंबईत १८८८ चा आणि इतर महापालिकांत १९४९ चा अधिनियम आहे. व्यवहारात काय होते? महापालिका म्हणते, प्रदूषण मंडळाचे काम. मंडळ म्हणते, जोडणी तुम्ही दिली. कारखान्याचे पाणी या दोन टेबलांच्या मधून वाहून जाते.

महापालिकेला हात झटकता येत नाहीत, कारण केंद्र चालवण्यासाठी तिनेही मंडळाकडून संमती घेतलेली असते. १३ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बीओडी (पाण्यातला कुजणारा भाग खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) मर्यादा महानगरांसाठी २० आणि इतरत्र ३० मि.ग्रॅ. प्रति लिटर ठेवली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती १० वर आणायला सांगितले. कारखान्याच्या विषाने केंद्र कोलमडले तर त्या आकड्यासाठी जबाब महापालिका आयुक्तांना द्यावा लागतो. एवढे एक कारण पुढच्या सगळ्या खटाटोपाला पुरेसे आहे.

म्हणून सुरुवातीलाच मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाबरोबर बसून लेखी ठरवावे : संमतीपत्राची प्रत महापालिकेला कधी मिळणार, संयुक्त नमुने कोण घेणार, रात्री फोन कोणाला करायचा. एमआयडीसीच्या हद्दीत वाहिन्या आणि सामायिक प्रक्रिया केंद्र बहुधा वेगळे असते, त्यामुळे कुठली वाहिनी कोणाची हे नकाशावर रंगवून घ्यावे. खरी अडचण एमआयडीसीच्या बाहेर असते, वस्तीत मिसळलेल्या गाळ्यांमध्ये.

पायरी १ : कोण जोडलेले आहे, ते शोधा

एकाच यादीवर विसंबू नये. मंडळाच्या संमतीपत्रांची यादी, महापालिकेचे व्यवसाय परवाने, महावितरणच्या औद्योगिक जोडण्या, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडची कारखान्यांची नोंद आणि पाणीपट्टीतले बिगरघरगुती ग्राहक, अशा पाच याद्या एकमेकींवर ठेवाव्यात. वीज आहे पण संमतीपत्र नाही, अशी नावे लगेच वर येतात. आपले पहिले काम त्यांच्याकडे.

त्यानंतर मात्र पायी फिरण्याला पर्याय नाही. प्लेटिंगचे, पावडर कोटिंगचे किंवा जीन्स धुलाईचे गाळे असलेल्या गल्लीत मुकादमाला बरोबर घेऊन जावे, कारण चोकअप काढायला तोच येत असतो आणि कुठल्या चेंबरमधून वाफ येते हे त्याला पाठ असते. पावडर कोटिंगच्या दुकानात पाटी फक्त कोटिंगची असते, पण मागच्या बाजूला ओळीने टाक्या मांडलेल्या दिसतात : तेल काढायची, धुवायची, गंज काढायच्या ॲसिडची, पुन्हा धुवायची, फॉस्फेटची, मग पॅसिव्हेशनची, म्हणजे गंज थोपवणाऱ्या शेवटच्या थराची. शेवटच्या टाकीतले पाणी पिवळसर असेल तर क्रोमियमची शक्यता धरावी. फरशीचा उतार कुठे आहे ते पाहावे, कोपऱ्यातली जाळी उचलून पाइप कुठे जातो ते पाहावे. पुष्कळदा तो ड्रेनेजला न जाता पावसाळी गटाराला जातो, म्हणजे शुद्धीकरण केंद्र टाळून थेट नाल्याला.

विचारायचे प्रश्न साधे असतात. टाक्या किती लिटरच्या? शेवटच्या रिकाम्या कधी केल्या, कुठे केल्या? पाणी नळाचे, बोअरचे की टँकरचे? ॲसिड महिन्याला किती कॅन लागते? हे शेवटचे उत्तर मालकापेक्षा कामगार खरे देतो, म्हणून त्याच्याशी नीट बोलावे आणि त्याचे नाव कागदावर आणू नये.

शहराचा स्वभाव पाहून यादी वाढवावी. पिंपरी-चिंचवडला वाहनांच्या सुट्या भागांचे फॉस्फेटिंग आणि प्लेटिंग, नाशिकच्या सातपूर-अंबडला प्लेटिंग, इचलकरंजीला कापडाचे रंगकाम, उल्हासनगरला जीन्सची धुलाई, हुपरीला चांदीची गाळणी आणि झळाई. याशिवाय दुग्धालये, फरसाणवाले, कत्तलखाने, गाड्या धुण्याची सेंटर, रुग्णालये आणि मोठी हॉटेले सगळीकडेच असतात.

दुग्धालयांकडे विष नाही म्हणून दुर्लक्ष होते. पनीर किंवा चक्का केल्यावर उरणाऱ्या निवळीची बीओडी लिटरला ३० ते ४० ग्रॅम असते. केंद्रीय सांडपाणी नियमपुस्तिका माणशी रोज २७ ग्रॅम बीओडी धरते. या हिशेबाने ५ हजार लिटरच्या एका टँकरभर निवळीत किमान साडेपाच हजार माणसांचा दिवसभराचा भार असतो, आणि तो पहाटे अर्ध्या तासात चेंबरमध्ये रिता होतो.

पायरी २ : मर्यादा ठरवा, आणि पुस्तकातल्या आकड्यावर थांबू नका

पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत सार्वजनिक मैलावाहिनीसाठी वेगळा रकाना आहे. ज्या उद्योगांना स्वतंत्र मानके नाहीत त्यांना तो लागतो. रोज लागणारे आकडे असे (पीएच सोडून सर्व मि.ग्रॅ. प्रति लिटर) :

पीएच ५.५ ते ९
बीओडी ३५०
तरंगते घन पदार्थ ६००
तेल व स्निग्ध पदार्थ २०
अमोनियाचा नायट्रोजन ५०
सायनाइड २
षट्संयुजी (जास्त विषारी, पिवळे) क्रोमियम २, एकूण क्रोमियमही २
निकेल ३, तांबे ३, जस्त १५
शिसे १, कॅडमियम १
पारा ०.०१

थेट नदीत सोडायचे झाले तर बीओडी ३०, सायनाइड ०.२ आणि षट्संयुजी क्रोमियम ०.१ च्या आत हवे. म्हणजे ड्रेनेजला दिलेली सवलत मोठी आहे. पुढे जैविक प्रक्रिया होणार, या गृहीतकावर ती दिलेली आहे. वाहिनी कुठल्याच केंद्राला न जाता नाल्यात उघडत असेल, तर नदीचेच आकडे लावावेत. अनेक लहान शहरांत आजही अशीच स्थिती आहे.

या रकान्यात काही जागा मोकळ्या आहेत. त्यातल्या दोन तरी महापालिकेने स्वतःच्या अटींनी भराव्यात. पहिली सीओडीची, म्हणजे रसायनाने मोजलेल्या ऑक्सिजनच्या मागणीची, जिच्यात न कुजणारा भागही धरला जातो. रंगाच्या कारखान्याचे पाणी बीओडीत बसते, पण त्यातला न कुजणारा भाग केंद्रातून जसाच्या तसा पार होतो. दुसरी सल्फाइडची, आणि ही जिवावर बेतणारी आहे. काळ्या सल्फर रंगासाठी सोडियम सल्फाइड वापरतात. त्याच वाहिनीत वरच्या गाळ्यातून गंज काढायचे ॲसिड आले की दोन्हींच्या भेटीत हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. लुधियानाच्या गियासपुरा भागात ३० एप्रिल २०२३ रोजी ११ माणसे गुदमरून मेली. मॅनहोलमधून आलेल्या या वायूचाच तिथे दाट संशय होता. आणि तो भाग गजबजलेल्या वस्तीचा होता.

काही गोष्टींना आकडा नसतो, त्यांना सरसकट बंदी असते : पेट्रोल, थिनर, सॉल्व्हंट, वापरलेले इंजिन ऑइल, चिंध्या, प्युमिस दगडाचा चुरा, गरम पाणी आणि टँकरने आणून ओतलेले काहीही. अमेरिकेच्या नियमांत ६० अंश सेल्सियसच्या खाली भडका घेणारा द्रव वाहिनीत सोडायला पूर्ण मनाई आहे. तिथल्या लुइव्हिल शहरात १३ फेब्रुवारी १९८१ रोजी सोयाबीन तेलाच्या कारखान्यातले हेक्झेन वाहिनीत शिरले आणि दोन मैलांहून जास्त लांबीचे रस्ते फुटले.

आता स्थानिक मर्यादा. हा हिशेब कठीण नाही, पण आपल्याकडे फार कमी ठिकाणी केला जातो. मि.ग्रॅ. प्रति लिटर गुणिले दशलक्ष लिटर बरोबर किलो, एवढे सूत्र पुरे. समजा केंद्र रोज ३० दशलक्ष लिटरचे आहे आणि अमोनिया काढणारे नाजूक जिवाणू सांभाळायला आत येणाऱ्या पाण्यातले निकेल ०.२५ च्या आत ठेवायचे आहे. म्हणजे दिवसाला साडेसात किलो निकेल चालेल. त्यातून सुरक्षेसाठी पाचवा हिस्सा, दीड किलो, बाजूला काढा. घरगुती पाण्यातून सहज येणारे अर्धा-पाऊण किलो वजा करा. उरले सव्वापाच किलोच्या आसपास. प्लेटिंगवाल्या सगळ्या गाळ्यांचे मिळून रोज ४ लाख लिटर पाणी असेल आणि सगळे ३ च्या मर्यादेत असतील, तर त्यांचे होते १.२ किलो. केंद्र निर्धास्त.

पण निकेलच्या बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणात, लिटरला साधारण ७० ग्रॅम निकेल असते. २०० लिटरचा एक ड्रम सांडला की १४ किलो. निकेल महाग, मुद्दाम कोणी ओतत नाही. मात्र फिल्टरची नळी रात्री निसटते, टाकीचे अस्तर फाटते आणि फरशीचा उतार सगळे जाळीकडे नेतो. म्हणून मर्यादेच्या आकड्यापेक्षा टाकीभोवतीच्या बांधावर आणि बंद केलेल्या जाळीवर माझा जास्त भर आहे.

शिवाय जिवाणू वाचले तरी धातू नाहीसा होत नाही. तो केंद्राच्या गाळात साठतो आणि तो गाळ खत म्हणून शेतकरी नेतो.

पायरी ३ : परवानगीपत्र आणि चेंबर

मंडळाच्या संमतीपत्राखेरीज महापालिकेने स्वतःचे जोडणीपत्र द्यावे. त्यात रोजचे कमाल पाणी, सोडण्याची वेळ, प्रत्येक घटकाची मर्यादा, स्वतः करायच्या चाचण्या, नोंदवही, अपघात झाल्यास तासाभरात कळवण्याची अट आणि आत येऊन नमुना घेण्याचा अधिकार स्पष्ट लिहावा. मुदत संमतीपत्राच्या मुदतीशी जुळवावी, म्हणजे नूतनीकरण एकाच वेळी येते. पाणी पातळ करून मर्यादेत बसवण्याला मनाई, हे वाक्य विसरू नये.

सगळ्यात महत्त्वाची अट चेंबरची. कारखान्याच्या प्रक्रियेचे पाणी संडास-बाथरूमच्या पाण्यात मिसळण्याआधी या चेंबरमधून गेले पाहिजे. चेंबर शक्यतो कुंपणाबाहेर, रस्त्याकडेला असावे. आत असलेच तर रखवालदाराला न विचारता पोहोचता येईल असे असावे. झाकण एका माणसाला उचलता यावे. आत ९० अंशांची व्ही-नॉच पट्टी (व्ही आकाराची खाच असलेला आडवा पत्रा) बसवली की फूटपट्टीने खाचेतल्या पाण्याची उंची मोजून प्रवाह काढता येतो : ५ सेंमी उंचीला सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, १० सेंमीला सुमारे ४.४ लिटर. महागड्या मीटरची वाट पाहत बसण्यापेक्षा ही पट्टी लगेच लावावी.

दिवसाला दोन-चारशे लिटर पाणी निघणाऱ्या गाळ्यावर स्वतःचा ईटीपी (कारखान्यातली सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा) लादण्यात अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे. तो बसतो, फोटो निघतो आणि कधीच चालत नाही. अशांनी वापरलेले बाथ आणि पहिले धुवण ड्रममध्ये साठवून सामायिक केंद्राकडे किंवा घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे पाठवावे. महापालिकेने पावत्या तपासाव्यात. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रे आहेत. एका गल्लीतल्या दहा-बारा जणांनी मिळून एकच गाडी ठरवली की खर्चही आवाक्यात येतो.

पायरी ४ : नमुना असा घ्या की तो टिकेल

निम्म्या केसेस इथे हरतात. पहिली गोष्ट म्हणजे अधिकार. जल अधिनियमाखाली खटला उभा करायचा असेल तर कलम २१ ची पद्धत पाळावीच लागते : तिथल्या तिथे नोटीस, मालक किंवा त्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्ही बाटल्यांवर सील आणि दोघांच्या सह्या. हे मंडळाचा अधिकारी करतो. महापालिकेचा स्वतःचा नमुना जोडणीच्या अटी मोडल्याबद्दल कारवाई करायला चालतो, पण त्याचाही पंचनामा असाच काटेकोर हवा. गंभीर ठिकाणी मंडळाला बरोबर घेऊनच जावे.

दुसरी गोष्ट वेळ. सकाळी ११ वाजता जीप घेऊन गेले की सगळे स्वच्छ असते. धुलाई रात्री होते, टाक्या अमावास्येच्या सुट्टीत आणि मोठ्या पावसात रिकाम्या होतात. तपासणीचे वेळापत्रक त्याप्रमाणे असावे आणि ते कार्यालयात दोघांपलीकडे कोणाला माहीत नसावे.

पीएच, तापमान, तेल, सायनाइड आणि सल्फाइड यांचा नमुना एकदम, एकाच वेळी घ्यावा, कारण साठवताना ते बदलतात. बीओडी, सीओडी आणि धातूंसाठी २४ तासांचा संमिश्र नमुना घ्यावा. यंत्र नसेल तर दर तासाला एक लहान बाटली भरावी, तेव्हाचा प्रवाह लिहावा आणि शेवटी प्रवाहाच्या प्रमाणात मिसळावे.

बाटल्यांची तयारी आदल्या दिवशी करावी. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणायचा. सायनाइडच्या बाटलीत उलट कॉस्टिक घालून १२ च्या वर न्यायचा, ॲसिड चुकूनही नाही, कारण विषारी वायू सुटतो. तेलाचा नमुना काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत थेट भरायचा, प्लॅस्टिकच्या मगातून ओतायचा नाही, नाहीतर निम्मे तेल मगालाच चिकटते. षट्संयुजी क्रोमियमच्या बाटलीत ॲसिड न घालता बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायचे. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर ३ दिवसांची करतात. अहवालावर तसे लिहिले आहे का पाहावे. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी आणि मान्यता त्या घटकासाठी आहे का, तेही पाहावे.

आणि मॅनहोलमध्ये कोणीही उतरायचे नाही. नमुना लांब दांड्याला बाटली बांधून वरूनच घ्यावा. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा आहे. झाकण उघडल्यावर आधी गॅस मीटर सोडावा. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्याचा वास जास्त प्रमाणात येईनासा होतो, म्हणून नाकावर विश्वास ठेवणे सर्वांत धोक्याचे.

पायरी ५ : ईटीपी चालतो की नुसता उभा आहे

तपासणीला गेल्यावर पंप चालू असतोच. त्याकडे पाहून काही कळत नाही. कागद आणि गाळ पाहावेत.

ज्या ईटीपीतून गाळ निघत नाही तो चालत नाही, हा नियम पाठ करून ठेवावा. क्रोमियम आणि निकेल पाण्यातून काढले तर ते गाळातच गेले पाहिजेत. हा गाळ घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याचा कागद) अधिकृत केंद्रावर जावा लागतो. वर्षभराचे मॅनिफेस्ट मागावेत. उत्पादन भरपूर आणि गाळाची एकच गोणी असेल तर बाकीचा गाळ ड्रेनेजमध्ये गेला असे समजावे.

मग रसायनांची बिले. सायनाइड तोडायला पीएच १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइट लागते. पिवळे क्रोमियम हिरवे करायला पीएच २ ते ३ वर सोडियम बायसल्फाइट लागते, मग चुना किंवा कॉस्टिक घालून ते तळाशी बसवतात. या तिन्हींची खरेदी उत्पादनाबरोबर वाढते-कमी होते का? सायनाइडची आणि ॲसिडची लाइन शेवटपर्यंत वेगळी आहे का, हे तर आधी पाहावे. त्या एकत्र येत असतील तर त्याच दिवशी काम थांबवायला सांगावे.

ईटीपीला वेगळा वीज मीटर हवा. पाण्याचा ताळेबंद मांडावा : नळ, बोअर आणि टँकर मिळून आलेले पाणी, त्यातले उत्पादनात आणि वाफेत गेलेले आणि चेंबरमधून मोजलेले. घरगुती वापरात पुरवठ्याच्या ८० टक्के पाणी ड्रेनेजला जाते असे धरतात. कारखान्याचे गणित वेगळे असते, पण आलेल्या पाण्याचा निम्मा हिशेब लागत नसेल तर दुसरा पाइप शोधावा. तो भिंतीमागे, बहुधा पावसाळी गटाराच्या बाजूला सापडतो.

पायरी ६ : माग काढणे

केंद्राच्या प्रवेशाशी पीएच आणि वाहकतेचा (विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते त्याचा) मीटर कायमचा लावावा. हे मीटर फार महाग नसतात आणि नोंद आपोआप राहते. घरगुती मैलापाण्याची वाहकता रोज साधारण एका पट्ट्यात फिरते. ती मध्येच उंच उडाली की वेळ लिहावी आणि मुख्य वाहिनीवर वर-वर जात, प्रत्येक फाट्याच्या मॅनहोलशी मोजत जावे. ज्या फाट्यावर आकडा पडतो, त्याच्या खालच्या जोडण्या तपासाव्यात.

धातूंसाठी आणखी एक युक्ती आहे, जर्मनीतल्या शहरांत ती रुळलेली आहे. वाहिनीच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेशी एक चिकट थर जमतो. वाहून गेलेल्या पाण्यातले धातू तो धरून ठेवतो. पाणी कधीच निघून गेले तरी हा थर खरवडून तपासला की कुठल्या फाट्यातून निकेल किंवा तांबे येत होते ते कळते. न्यायालयात चालेल असा पुरावा तो नाही, पण पाळत कुठे ठेवायची हे तो दाखवतो.

टँकरकडे वेगळे लक्ष हवे. सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे टँकरमधून नाल्यात रसायन ओतले जात असताना वायू सुटला आणि सहा कामगार मेले. महामार्गालगतची आणि ओसाड भूखंडांवरची मॅनहोल कुलपाच्या झाकणांनी बंद करावीत, रात्रीच्या पोलीस गस्तीला ती ठिकाणे लेखी द्यावीत.

पायरी ७ : शुल्क आणि कारवाई

कुजणारा भार आणि विष यांत फरक करावा. दुग्धालयाचा बीओडी केंद्र पचवू शकते, फक्त त्याला वीज लागते. ती वीज मालकाने भरावी. इंग्लंडमध्ये मॉग्डेन सूत्राने पाण्याचे प्रमाण, सीओडी आणि घन पदार्थ यांवर कारखान्याचे बिल निघते. आपणही सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने असा दर ठरवू शकतो. धातू, सायनाइड आणि सॉल्व्हंटला मात्र कुठलाही दर नसावा. पैसे भरून विष सोडण्याची सोय होता कामा नये.

कारवाईच्या पायऱ्या आधीच लेखी ठरवून जाहीर कराव्यात : पहिल्या वेळी नोटीस आणि सुधारणेची मुदत, दुसऱ्या वेळी खर्चवसुली आणि पुन्हा तपासणीचे शुल्क, तिसऱ्या वेळी नळजोडणी बंद आणि ड्रेनेज जोडणीला प्लग, सोबत मंडळाकडे बंदीच्या निर्देशांची शिफारस. पर्यावरण भरपाई मंडळ लावते. तिचे सूत्र केंद्रीय मंडळाने ठरवलेले आहे आणि त्यात नियमभंगाचे दिवस मोजले जातात, म्हणून आपल्या नोंदीत तारखा अचूक हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात चालू स्थितीतली प्रक्रिया यंत्रणा नसेल तर उद्योग चालू देऊ नका, असे स्पष्ट सांगितले आहे. नोटिशीत त्याचा उल्लेख करावा.

जीवघेण्या प्रकाराला पहिली पायरी लागू करू नये. सल्फाइड, सायनाइड किंवा भडकणारा द्रव सापडला की जोडणी त्याच दिवशी बंद.

पायरी ८ : केंद्रावर विषारी पाणी आलेच तर

ऑपरेटरच्या टेबलासमोर भिंतीवर एकच कागद असावा. आधी प्रवेशाचा नमुना दोन बाटल्यांत भरून बर्फात ठेवा आणि वेळ लिहा, नंतर बाकी सगळे. समतोल टाकी किंवा रिकामी टाकी असेल तर प्रवाह तिकडे वळवा. एकाच टाकीला धक्का बसेल असे पाहा, म्हणजे दुसरीतला गाळ वाचतो आणि पुढे बी म्हणून वापरता येतो. परत फिरणारा गाळ वाढवा, वाया घालवायचा गाळ थांबवा. वास येत असेल तर पंपघरात कोणी जाऊ नये. कनिष्ठ अभियंत्याला आणि मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याला त्याच वेळी फोन करा. अपघाताने प्रदूषक पाणी प्रवाहात गेले किंवा जाण्याची शक्यता असेल तर मंडळाला ताबडतोब कळवणे कलम ३१ प्रमाणे बंधनकारक आहे आणि ते केंद्र चालवणाऱ्या ठेकेदारालाही लागू होते.

माग काढणाऱ्या पथकाने तासाभरात मुख्य फाट्यावर असायला हवे, कारण सपाट वाहिनीतही पाणी सेकंदाला अर्धा-एक मीटर सरकते आणि उशीर झाला की वरचे चेंबर पुन्हा स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशी बाटल्या प्रयोगशाळेत देताना फक्त बीओडी न मागता धातू, सायनाइड आणि सल्फाइडही मागावे.